नागिणीची रेघ

सहा वर्षांच्या ओवीच्या मांडीपासून घोट्यापर्यंत पुरळाची सरळ रेघ उतरली आणि गावातल्या बायांनी तिला नागीण ठरवून टाकलं. ओवीची आजी प्रमिलाबाई तर हादरूनच गेल्या; सुनेला म्हणाल्या, "पुनम, तोंडले शेपटी भिडनी का पोर हातनी जाई!"

नागिणीची वाट अडवायची, तिचं तोंड नि शेपटी जुळू द्यायची नाही, म्हणून रेघेच्या दोन्ही टोकांना तापल्या विळ्याचे डाग द्यायचं ठरलं. पाय कोणी धरायचा? आईनेच. पुनमने तो दाबून धरला आणि लेक किंचाळत राहिली तरी सोडला नाही.

डाग चिघळले, तेव्हा कुठे त्यांना जळगावचा दवाखाना आठवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही नागीण नाही. लहान मुलांना क्वचित अशी पट्टी उठते. काही न करता वर्षभरात जाते."

"आणि हे डाग?" पुनमने विचारलं.

बाईंनी मलमाचं नाव लिहून दिलं.

पट्टी खरोखरच गेली, मागमूसही उरला नाही. डाग मात्र तसेच आहेत. दिवाळीला पैंजण घालायला पुनमने पाय हातात घेतला, तशी ओवीने डोळे घट्ट मिटले.

"आई, या वेळी सोडशील ना?"