चंद्रावर न गेलेला पाय

मी एक जुना, मोडका पाय आहे, मित्रांनो. हसू नका. खुर्चीला पाय असतात, तसे चंद्रावर उतरणाऱ्या यानालाही असतात. आम्ही पाच भाऊ एकाच कारखान्यात जन्मलो. चौघांना यानाला जोडले. मला मात्र मार खाण्यासाठी बाजूला काढले.

चंद्रावर हवा नाही, त्यामुळे हवाई छत्रीने अलगद उतरता येत नाही. इंजिनाने वेग कमी करायचा आणि शेवटी धप्पकन पाय टेकायचे. तो दणका सोसायला आमच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी धातूची पातळ जाळी भरतात. जाळी चिरडते आणि यान वाचते. ती कितपत चिरडते हे पाहायला मला रोज क्रेनने उंच नेऊन रेतीच्या हौदात आपटत. माझा सांधा न् सांधा खिळखिळा होई. मग पोट उघडून चिरडलेली जाळी पकडीने ओरबाडून काढत, नवी ठोकून बसवत आणि पुन्हा वर नेत.

हे काम जिच्या हाताखाली चाले, तिला सगळे आपटबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. ती म्हणे, "इथे मोडला तर मी आहे. तिथे मोडला तर कोण आहे?"

बाईला नीटनेटकेपणाचे भारी वेड. दर वेळी ती स्वतः लांब फळी फिरवून रेती टेबलासारखी सपाट करी. क्रेनवाले काका चिडवत, "बाई, गादी आणू का? दुपारी इथेच पडतो जरा."

त्या सपाट रेतीवर मी सगळा मार पचवला. माझी पाठ थोपटली गेली, फोटो निघाले. साहेब खाली येऊन म्हणाले, "छान! येत्या अर्ध्या चंद्राला उतरायचं."

अर्धाच चंद्र का? चंद्र वाढत असताना त्याच्यावर उजेड आणि अंधार जिथे भेटतात, त्या रेषेवर तेव्हा सूर्य उगवत असतो. आमची जागा चंद्राच्या मधोमध होती. म्हणून चंद्र अर्धा भरला की तिथे सकाळ होणार. सकाळी उतरले की पुढे आपल्या दोन आठवड्यांएवढा लांब दिवस कामाला मिळतो. ती वेळ हुकली, तर महिनाभर थांबा.

शेवटच्या चाचणीच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यातल्या भुऱ्या कुत्र्याने गारव्यासाठी हौदात खड्डा उकरला. घाईत कोणी पाहिलेच नाही. काकांनी मला सोडले. माझा अर्धा तळवा खड्ड्याच्या काठावर पडला, अर्धा अधांतरी राहिला. घोटा मुरगळला, मांडी काडकन मोडली. एक तुकडा सणसणत उडाला आणि काकांच्या कपाळावर बसला. रेतीवर रक्त ठिबकले. भुऱ्या केकाटत पळाला.

आवाज ऐकून साहेब धावत आले. "काकांना पट्टी बांधा! कुत्र्याला हाकला, रेती सारखी करा, या पायाला पट्ट्या ठोका आणि पुन्हा आपटा. तारीख हलणार नाही."

काका कपाळावर फडके दाबून म्हणाले, "बाई, पट्टी नंतर बांधा. आधी त्या भुऱ्याला एक लाथ घालू द्या."

"काका, थांबा." बाईच्या हातात अजून फळी होती. "साहेब, चंद्रावर जिकडेतिकडे खड्डेच आहेत. दगड आदळून आदळून तो तसा झालाय. तिथे रेती कोण सारखी करणार? कुत्र्याचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. मी या पायाला लाडावून ठेवलं." तिने फळी हौदाच्या काठावर आपटली. फळीचे दोन तुकडे झाले.

"आणि तारीख?"

"तारीख दर महिन्याला येते, साहेब. पाय चारच आहेत."

साहेब वर गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावरची तारीख पुसलेली होती.

मग माझ्या भावांना यानावरून उपटून काढले. त्यांच्या मांड्या जाड केल्या, घोट्यांना वळता येईल असे सांधे बसवले. तोच सांधा मलाही बसवला, मांडीला पट्ट्या ठोकल्या आणि खड्ड्यांत, दगडांवर, उतारांवर मला आपटत राहिले. शेवटी मी पुन्हा त्याच जागी मोडलो, तो कायमचाच. पण तोवर बाईला हवे ते सगळे कळले होते.

काही महिन्यांनी अर्ध्या चंद्राला यान उतरले. तिसऱ्या भावाचा तळवा नेमका खड्ड्यात गेला. त्याच्या पोटातली जाळी पार चिरडली, यान कलले, आणि उभे राहिले! यानाने पाठवलेला फोटो काकांनी माझ्यासमोर धरला. कपाळावरचा व्रण चोळत ते म्हणाले, "बघ रे, तुझा भाऊ वाकडा उभा आहे. पण उभा आहे!"

दोन आठवडे यानाने काम केले. मग तिथे रात्र झाली आणि भयंकर थंडीने त्याची यंत्रे बंद पडली. भाऊ मात्र अजून उभे आहेत.

मी आता तुमच्या शाळेच्या दालनात असतो. परवा रंगारी आला होता. माझी मोडकी मांडी लांबीचा लगदा भरून गुळगुळीत करतो म्हणाला. मित्रांनो, माझ्यावरची धूळ जरूर पुसा, पण ती मोड बुजवू देऊ नका. माझ्या आयुष्याची कमाई तेवढीच आहे.

आणि संध्याकाळी आकाशात वाढता अर्धा चंद्र दिसला, तर त्याच्या मधल्या रेषेकडे क्षणभर पाहा. तिथे तेव्हा माझ्या भावांच्या गुडघ्यांवर ऊन चढत असते.