एक माप मोठी

दुकानदाराने हँडल पूर्ण वळवलं आणि बारकीला सायकलवर बसूनच पॅडल फिरवायला सांगितलं. तिचा गुडघा हँडलवर आपटला. लागायची तिला सवय झाली होती.

"छोटी पडते," दुकानदार म्हणाला.

"छोटी कशी पडेल?" बाबा म्हणाले. "मोठीच घेतली होती. वाढत्या अंगाची."

या घराची रीतच ती. शर्ट, बूट, स्वेटर, सगळं एक माप मोठं. बारकीचा दादा बुटांत कापूस कोंबून शाळेत जायचा, आणि बूट पायाला बसेपर्यंत त्यांचे तळवे झिजून गेलेले असायचे. ही शर्यतीची सायकलही त्याचीच. पुढच्या वर्षी बघ कशी झकास बसते, असं बाबा तेव्हा म्हणाले होते. पुढचं वर्ष त्याच्या वाट्याला आलंच नाही. साध्या तापाचं निमित्त झालं आणि पोरगा गेला.

मग कधीतरी बारकीने सायकल बाहेर काढली. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नको म्हणालं नाही. त्या घरात आता सगळं असंच होत होतं. बाबा कामावर जात, जेवत, झोपत. काही विचारलं तर उत्तरही देत. रविवारी बारकीची मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेत धावायची शर्यत होती आणि या सायकलवर तिला उतरू देणार नाही, असं तिच्या प्रशिक्षकांनी बजावलं होतं. म्हणून ते आले होते.

सीट आणखी वर घ्या, बाबांनी सुचवलं. सीटच्या दांड्यावर लाल चिकटपट्टी होती. दादाची सीट कुठवर, त्याची ती खूण. बारकीने सीट चढवत चढवत ती पट्टी फ्रेमच्या चांगली वीतभर वर नेली होती. दुकानदाराने समजावलं की या शर्यतीत उभं राहूनच दामटायची असते, सीट नावापुरती. बघायचं ते फ्रेमची लांबी.

बाबांनी कोपऱ्यातल्या एका दणकट सायकलवर थाप मारली.

"ती कसरती करून दाखवायची, जड असते साहेब. शर्यतीत ओढता ओढता पोरीचा जीव जाईल."

बोलून गेल्यावर तो चपापला; यांचा पोरगा गेल्याचं त्याच्या कानावर होतं. बाबांचा चेहरा जसा होता तसाच राहिला.

मग त्याने शर्यतीच्या दोन हलक्या सायकली पुढे आणल्या. दोन्हींची चाकं सारखीच, फ्रेम तेवढी लहानमोठी. एकीवर बारकी अशी बसली की कोपरं आपोआप थोडी वाकली. दुसरीवर हात ताणावे लागले. वर्षभराने येईल हाताशी, दुकानदार म्हणाला. लोक नेतात, पण शर्यतीला मी देत नाही.

बाबांचा हात तोवर मोठीच्या हँडलवर गेला होता.

"बाबा, आत्ता बसते ती घेऊ या," बारकी म्हणाली. "पुढच्या वर्षी छोटी पडली तर परत येऊ."

पुढच्या वर्षी. घरात हे शब्द कोणी उच्चारत नसे, आणि बारकी टायर दाबून बघता बघता सहज म्हणून गेली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्या खांद्याला लागत होती. दादा कोपराशी यायचा. ही त्याच्याहून मोठी कधी झाली, हे त्यांना आठवेना.

त्यांनी हँडल सोडलं.

"हिच्या मापाची द्या."

दुकानदाराने नवीचे स्क्रू घट्ट केले, ब्रेक ओढून पाहिला आणि जुनी इथेच ठेवता का, कुणाला तरी होईल, असं विचारलं. बाबांनी मान हलवली. घरी न्यायची होती.

ते जुनी घेऊन दारापर्यंत गेले आणि थांबले.

"हिची सीट तेवढी खाली घ्या," ते म्हणाले. "लाल पट्टी टेकेपर्यंत."

दुकानदाराने पुन्हा पाना उचलला. बारकीने नवी सायकल भिंतीला टेकवली आणि जुनी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.