एकविसावं ठिकाण

साहेब, आमच्या वस्तीचं पाणी तुम्ही अडवलंत. दुष्काळाचं नाव पुढं करू नका. दुष्काळ शेजारच्या गावातही आहे आणि तिथं एक दिवसाआड टँकर येतो. आमच्या कवठाळीला येत नाही, कारण तुमच्या टेबलावरच्या एका पुस्तकात लिहिलंय की कवठाळीला पाणी आहे.

ते पुस्तक मी लिहिलंय. हे कबूल करूनच पुढं बोलतो, म्हणजे तुम्हाला मध्येच बोट दाखवायला नको.

मी भीमा, बोर्ड रंगवणारा. जिल्हा नवा झाला तेव्हा औसा तालुक्यातल्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' मी लिहिलं. शाळा, चावडी, दवाखाना, सोसायटी, आठ महिने तेच काम. लोक म्हणायचे, "भीमा, पाट्या बदलल्यास, आता नळाला पाणी कवा लिवतूस?" मी हसायचो. माझं अक्षर बघून तुमच्या आधीच्या साहेबांनी मला जिल्हा कचेरीत बोलावलं. जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवसाला पुस्तक काढायचं होतं: 'पाहिलीच पाहिजेत अशी एकवीस ठिकाणे'. लातूर आणि शेजारचं नांदेड मिळून. लिहायला नेमलेले मास्तर आजारी पडले होते. साहेब म्हणाले, "तू फिर, बघ आणि सोपं लिही. न बघता एक ओळ लिहायची नाही."

मी एसटीनं फिरलो. माहूरला डोंगर चढलो, देवीच्या तांबुलासाठी खलबत्त्यात विडे कुटणाऱ्या बायांच्या शेजारी बसून टिपण केलं. कंधारच्या किल्ल्याचा खंदक बघितला, उदगीरच्या बुरुजावर उभा राहिलो. खरोशाच्या लेण्यात बुद्धाच्या मूर्तीपुढून पाय निघेना. एसटी चुकली, चालत औशाला आलो. हिमायतनगरच्या पुढं सहस्रकुंडचा धबधबा बघितला तेव्हा वहीत दोन पानं नुसतं पाणीच लिहिलं. तेवढं पाणी एका जागी मी कधी बघितलं नव्हतं.

वीस ठिकाणं झाली. एकविसावं म्हणून मी माझ्या गावची बारव सुचवली. दगडी पायऱ्यांची जुनी मोठी विहीर, वर कोरलेल्या देवळ्या. गावाला मान मिळेल असं वाटलं. साहेबांनाही आवडलं. वीस ठिकाणं मी डोळ्यानं बघून लिहिली. माझ्या गावचं तेवढं न बघता लिहिलं.

का, ते सांगतो. आमच्या लोकांना त्या बारवेत सातव्या पायरीच्या खाली जायची बंदी होती. सातवीवर घागर ठेवून बसायचं. गावातली बाई खालून पाणी घेऊन वर निघाली आणि तिच्या मनात आलं, तर ओतायची. माझी माय सरजाबाई लहानपणी तशी बसलेली आहे. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा वस्तीनं ठरवलं, पाण्यासाठी हात पसरायचा नाही. माणसांनी वस्तीत आपला आड खणला. त्यानंतर आमच्यातलं कुणी बारवेकडं फिरकलं नाही. पुढं पुढं कुणी अडवणारं उरलं नव्हतं, पण मानानं राहायचं म्हणजे तिकडं बघायचं नाही, हे मी रांगायला लागलो तेव्हापासून शिकलो होतो.

म्हणून मी बघायच्या ऐवजी विचारलं. सरपंच व्यंकटराव बाजेवर बसून पान लावत होते.

"बारव? अरे, निजामाच्या वक्ताला एवढा दुष्काळ पडला, पलटणीची घोडी हितं पाणी पेली. तरी आटली न्हाई. लिव तू बिनधास्त."

मी लिहिलं, 'या बारवेचे पाणी कोणत्याही दुष्काळात आटत नाही.' छापून आल्यावर मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आसंल बाबा. म्या सातवीपातूरच बगितलीया."

नंतरचे दोन पावसाळे कोरडे गेले. यंदा संक्रांतीलाच वस्तीच्या आडाचा तळ खरवडला. गावातलेही आड गेले. पाणी राहिलं ते व्यंकटरावांच्या मळ्यातल्या विहिरीत, आणि ते त्यांच्या घरापुरतं, त्यांच्या गुरांपुरतं. बाकी सगळे दीड कोसावर नदीत झिरा उकरतात. वाटी बुडेल एवढा खड्डा करायचा, पाझर साठायची वाट बघायची, वाटीवाटीनं घागर भरायची. माझी बायको पंचशीला उजाडायला निघते आणि ऊन डोक्यावर आल्यावर दोन घागरी घेऊन परतते.

टँकरचा अर्ज घेऊन मी तुमच्याकडं आलो होतो. आठवतंय? तुम्ही अर्ज वाचला नाहीत. गावाचं नाव वाचलंत आणि पुस्तक उघडलंत.

"हे काय आहे? कोणत्याही दुष्काळात आटत नाही."

"साहेब, हे मीच लिहिलंय. चुकलंय."

"छापलेलं आहे हे. मुंबईपर्यंत गेलंय."

"मी बारव आतून बघितलीच नव्हती, साहेब."

"आणि आता बघितलीस?"

"न्हाई अजून."

"म्हणजे तेव्हा न बघता भरलेली, आणि आता न बघता कोरडी?"

तुमचा शिपाई खुदकन हसला. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर होता.

गावात उतरलो तो सरळ बारवेवर गेलो. सातव्या पायरीवर पाय आपोआप थांबला. मला कुणी कधी तिथं थांबवलं नव्हतं, तरी थांबला. मग खाली गेलो, पार तळापर्यंत. तळाला भेगाळलेला गाळ, फुटकी मडकी, एक मेलेलं कुत्रं. आणि मधोमध बाभळ उगवलेली, दंडाएवढ्या बुंध्याची. दोन वर्षांत बाभळीचा बुंधा एवढा होत नाही, साहेब. पाणी दुष्काळाच्या कितीतरी आधीच गेलं होतं.

व्यंकटरावांना गाठलं.

"राव, बारवेत बाभळ उगवलीया."

"ठाव हाय मला."

"मग मला तसं कामून सांगितलाव?"

"बापजाद्यानं सांगितल्यालं तेच सांगितलो की. तू पुस्तकात घालायचं मनलास. पुस्तकात काय बाभळ घालतेत व्हय?"

"आता अर्जावर सही करा. बारव कोरडी हाय मनून लिवून द्या."

"आन् पंचक्रोशीनं हसावं? आजपातूर कवठाळीची बारव आटली आसं कुणाच्या तोंडातून निघालं न्हाई. माझ्या सहीनं निघायचं? तुला काय जातंय, गावाचं नाव जातंय."

"गाव माझं न्हाई का, राव?"

ते चुन्याची डबी शोधायला लागले. माझ्यापुढंच होती.

सरपंचाच्या सहीशिवाय, वस्तीच्या अंगठ्यांनिशी दुसरा अर्ज दिला. 'स्वतः खाली उतरून पाहिले, पाणी नाही.' तुम्ही म्हणालात, पाहणी करू.

पाहणी आली नाही. सहल आली.

चैत्रात तुमचा निरोप आला. वरून पाहुणे येणार, सहकुटुंब, एकवीस ठिकाणं तीन दिवसांत. मला बारवेपाशी बोर्ड रंगवायला बोलावलं. दोन मजूर लावून बाभळ तोडली, कुत्रं काढलं. आणि पाहुणे यायच्या दिवशी सकाळी टँकर आला.

टँकरचा आवाज ऐकून वस्तीतल्या बाया घागरी घेऊन पळत आल्या. टँकर वस्तीपाशी थांबलाच नाही. बारवेवर गेला आणि पाइप खाली सोडला. चालवणारा माणिकप्पा, निलंग्याकडचा, माझ्या ओळखीचा.

"माणिकप्पा, वाट चुकलास काय? वस्ती मागं राह्यली."

"न्हाई गा. कागदावर बारव लिवलंय. पाच खेपा टाकायच्या हायत." माझ्याकडं न बघताच तो म्हणाला, "पंधरा वर्सं झाली टँकर चालवायलाव. माणसाच्या आधी हिरीला तान लागल्याली आजच बगायलाव."

पंचशीलानं पाइपाखाली घागर धरली. तुमच्या शिपायानं पायानं बाजूला सारली. "पावणे जाऊ द्या बाई, मग न्या की कितीबी."

"मग ऱ्हाईल का?" ती म्हणाली. "खाली भेगा पडल्यात. तुमचे पावणे काय पाणी धरून बसणार हायत?"

त्यानं घागर आणखी लांब सारली.

पाहुणे आले. तुम्ही स्वतः पुस्तकातली ओळ वाचून दाखवलीत. एका बाईंनी विचारलं, "हे पाणी किती जुनं आहे?" तुम्ही म्हणालात, "शेकडो वर्षांचं." काठावर साठ-सत्तर रिकाम्या घागरी रांगेत होत्या, त्यांचाही फोटो निघाला. बाई म्हणाल्या, "किती शिस्त आहे ना इथं!" वीस मिनिटांत गाड्या औशाचा किल्ला बघायला गेल्या.

गाड्या वळल्या तशा बाया बारवेत घुसल्या. तेवढ्यात माय काठी टेकत आली.

"माय, तू कशाला आलीस? आमी आणतो की."

"पाण्याला न्हाई आले. बगाया आले. पाहिलीच पाहिजे आसं लिवलायस न्हवं? सगळी दुनिया येऊन बगून गेली. माझीच राह्यलीया."

मी हात धरला. ती उतरायला लागली. सातव्या पायरीवर बसली, बाजूचा दगड तळहातानं चाचपला. "हितंच," म्हणाली. "घागर हितं ठिवायची आन् वर बगायचं न्हाई." मग उठली आणि आठवीवर पाय ठेवला. तिथून पुढं तिनं माझा हात सोडला.

तळाला पोचलो तोवर पाणी घोट्याएवढं उरलं होतं. भेगांतून खाली चाललेलं दिसत होतं. बाया गढूळ पाणी वाट्यांनी उपसत होत्या, एकमेकींना कोपरं मारत, शिव्या देत. माय मधोमध उभी राहिली. गोल फिरून तिनं सगळ्या भिंती बघितल्या.

"एवडंच?" ती म्हणाली. "ह्याच्यासाटी वर बसवलते व्हय आमाला?"

वर येताना ओल्या पायरीवरून तिचा पाय सटकला. माझ्या एका हातात घागर होती. घागर टाकून धरायला एक क्षण उशीर झाला. खुब्याचं हाड मोडलं.

याला आज सव्वा महिना झाला. औशाचे डॉक्टर म्हणाले, या वयात हे हाड धरत नाही. घरीच ठेवा, रोज अंग पुसा, अंथरूण धुवा, पाठीला जखमा होऊ देऊ नका, पाणी भरपूर पाजा. त्यांनी खरं तेच सांगितलं. पण त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट पाण्याची आहे, साहेब. पंचशीला आता दोनदा झिऱ्यावर जाते. तिच्या पायांना भेगा पडल्यात आणि ती माझ्याशी बोलत नाही. मायच्या पाठीला जखमा झाल्यात. माशा बसतात. मी पुठ्ठ्यानं वारा घालतो. ती पाणी मागत नाही. ओठ सालपटले तरी म्हणते, "आत्ताच पेले की."

परवा तुमचं उत्तर आलं. 'सदर गावास टँकरच्या पाच खेपा पुरविण्यात आल्या असून बारवेत पाणीसाठा असल्याचे वरिष्ठांनी समक्ष पाहिले आहे. सबब मागणीचा विचार करता येत नाही.'

मायनं विचारलं, "काय लिवलंय?"

मी म्हणालो, "टँकर येतोय."

"कवा?"

काल विचारलं, आज सकाळी विचारलं. मी 'बघतो' म्हणून बाहेर आलो आणि हे लिहायला बसलो. माझी चूक मी वर लिहून दिली आहे, खाली सही करतो, काय शिक्षा असेल ती द्या. वस्तीत पस्तीस घरं आहेत, त्यांनी काही लिहिलेलं नाही. माझ्या मायला तर वाचताही येत नाही. मला सबब नको, पाहणी नको, विचाराधीन नको. तारीख पाहिजे. कवठाळीच्या वस्तीत टँकर कोणत्या तारखेला येणार, साहेब?