जुळत्या रंगाच्या तारा

"मेल्याला पाय तीन, पण पुढचा कुठला, मागचा कुठला, कळेल तर शपथ!" वन्सं माझ्या कानाशी पुटपुटल्या. मेला म्हणजे ट्रान्झिस्टर; रेडिओ नव्हे, सर्किटमधला वाटाण्याएवढा भाग. ब्रेडबोर्डवर, त्या भोकाभोकांच्या पांढऱ्या पट्टीवर, आम्ही दोघी इतक्या वाकलो होतो की त्यांच्या चष्म्याची काडी माझ्या केसांत अडकली.

वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, घरीच शिलाई करतात. दुपारचं ऊन खिडकीतून थेट गिऱ्हाइकांच्या कापडांवर येतं आणि रंग उडतो. म्हणून ऊन पडलं की मोटर आपोआप फिरून पडदा ओढेल, असं सर्किट त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात खेपा चालू. एक रेझिस्टर आणायला एक खेप, दुसऱ्याला दुसरी. दोन्ही एकदम का आणत नाही, हे घरात कुणी विचारत नव्हतं. दुकानदार एकटा, शांत, पन्नाशी उलटलेला. निघताना वन्सं आरशासमोर जरा रेंगाळायच्या आणि आम्ही नवरा-बायको उगाच भिंतीकडे बघायचो.

सगळं जोडून झालं. उजेड ओळखणारा बटणाएवढा भाग असतो, एलडीआर, त्यावर वन्संनी टॉर्च मारला. मोटर ढिम्म. वैतागून त्यांनी त्यावर बोटातलं अंगुस्तान पालथं घातलं, तर मोटर गरगर फिरायला लागली.

"वा ताई!" नवरा म्हणाला. "अंधारात पडदा, आणि उन्हाला या बसा!"

"तू गप रे."

चूक शोधायची तर तारा सगळ्या हिरव्या. वेगळ्या रंगाचा टाका डोळ्यांत खुपतो, म्हणून वन्संनी दुकानातून मुद्दाम जुळत्या रंगाच्या मागून आणलेल्या. कुठली कुठून कुठं गेलीय, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. शेवटी नवऱ्यानं दुकानदाराला बोलावलं.

"अहो, कापडाला ठीक आहे, पण तारा रंगीबेरंगी असाव्यात," दुकानदार आल्या आल्या म्हणाला.

"मग दिल्यात कशाला?"

"तुम्ही मागितल्यात ना." त्याचे कान लाल झाले. मग तो एकेक तार बोटानं चाचपत गेला. "हे बघा. एलडीआर आणि रेझिस्टर एकमेकांच्या जागी बसलेत."

त्यानं अदलाबदल केली, वन्संनी टॉर्च मारला. मोटर फिरली, दोरा गुंडाळला गेला आणि पडदा म्हणून नमुन्याला लावलेली चिंधी सरसर सरकली. मी टाळ्या वाजवल्या. वन्संनी नाही.

"चला," दुकानदार म्हणाला, "आता तुम्हाला दुकानात यायची गरज नाही." आणि दाराशी चपलेचा पट्टा लावत बसला. तो काही केल्या लागेना. नवऱ्याला अचानक मोटरवरची बारीक अक्षरं वाचावीशी वाटली, मला छतावरचा पंखा न्याहाळावासा.

वन्संनी टॉर्च बंद केला.

"गरज तशी पहिल्या खेपेतच संपली असती," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला भेटायला येत होते."