उन्हाळ्यात वाढणाऱ्या चमका

सांगलीला एसटीतून उतरल्यावर भार्गवी थेट गावभागात शरयूताईंकडे गेली. त्यांनीच फोन करून बोलावलं होतं. "अनीश खोलीबाहेर येत नाही. तुमचं तरी ऐकेल."

अनीश त्यांचा मुलगा, भार्गवीचा विद्यार्थी. ती साताऱ्याची, तो सांगलीचा, म्हणून परक्या मुलखात दोघांचं पहिल्याच भेटीत जमलं. युरोपातल्या एका डोंगराखालच्या बोगद्यात भार्गवी कित्येक वर्षं डार्क मॅटर शोधत होती. विश्वातलं बहुतेक द्रव्य तेच, पण कुठल्याही दुर्बिणीला न दिसणारं. बोगद्यात अतिथंड करून द्रवरूप केलेल्या झेनॉन वायूची टाकी होती. तो अदृश्य कण एखाद्या अणूवर आपटला, तर टाकीत बारीकशी चमक उठायला हवी.

आणि चमका उठल्या. उन्हाळ्यात जास्त, हिवाळ्यात कमी. सूर्याभोवती फिरताना पृथ्वी जूनच्या सुमारास त्या कणांना जास्त वेगाने सामोरी जाते, त्यामुळे अपेक्षाही तीच होती. पुढच्या उन्हाळ्यातही तसंच दिसलं, की जगाला सांगता आलं असतं.

त्या पुढच्या उन्हाळ्यातच, जूनमध्ये, अनीशच्या वडिलांना, नारायणसरांना, हृदयविकाराचा झटका आला.

"मॅडम, बाबा आयसीयूत आहेत. निघू का?"

टाकी थंड ठेवणारी यंत्रणा सांभाळता येणारे अनीश धरून दोघेच होते, आणि दुसरा आजारी होता. भार्गवी म्हणाली, "डॉक्टर धोका टळला म्हणतायत ना? आठवडाभर थांब. आत्ता बंद पडलं तर हे वर्ष गेलं."

तो थांबला. त्याच आठवड्यात सर गेले. अनीशच्या चुलतभावाने, यशराजने, अग्नी दिला. अनीशने ते फोनवर पाहिलं, तोंड धुतलं आणि पाळीवर गेला.

त्या उन्हाळ्यातही चमका वाढल्या. अनीशचा प्रबंध त्यांच्यावरच उभा राहिला. निकाल जाहीर करायची तयारी चालली असताना भार्गवीने बोगद्यातल्या हवेच्या नोंदी सहज शेजारी मांडल्या. खडकातून झिरपणारा किरणोत्सारी रेडॉन वायूही उन्हाळ्यातच वाढत होता. टाकीच्या झाकणाचं एक सील सैल होतं आणि तो तिथून आत शिरून तशाच चमका उठवत होता. आपलंच चुकत असावं अशा आशेने तिने पुन्हा पुन्हा तपासलं. चुकत नव्हतं. तिने बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. अनीश दोन-चार दिवसांत बॅग भरून सांगलीला निघून आला.

आता तो दाढी वाढलेल्या चेहऱ्याने समोर येऊन बसला. शरयूताईंनी चहा ठेवला.

"सील काढून पाहिलंत?" त्याने विचारलं.

"पाहिलं. कडेला चीर होती."

"मग बरोबर आहे तुमचं."

"परत चल, अनीश. नवीन सील बसवलंय. प्रबंध वेगळ्या अंगाने लिहू."

त्याने नकारार्थी मान हलवली. "आई, मॅडमना सांग तू बाबांना काय सांगत होतीस ते."

"कशाला रे आता?"

"सांग."

शरयूताई पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते सारखं विचारायचे, अनीश निघाला का. मी म्हटलं, निघाला. मग म्हटलं, मुंबईला उतरला. पुणं सोडलं. कराडला आला. इस्लामपूरला पोचला म्हटलं, तेव्हा हसले. सांगलीत आला असं काही मला म्हणता येईना. तेवढ्यात गेले."

भार्गवी अनीशकडे वळली. "मी तुला थांबवायला नको होतं."

"तुम्ही थांब म्हणालात. थांबलो मीच," अनीश म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बोलता आलं असतं. "पण कशासाठी थांबलो, ते आता मला आईला सांगता येत नाही."

तो उठून खोलीत गेला. कडी लावल्याचा आवाज आला. शरयूताई म्हणाल्या, "जेवूनच जा."

पुढे अनीश कवठे महांकाळला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागला. भार्गवीचे फोन त्याने घेतले नाहीत. बोगद्यात आणखी एक उन्हाळा गेला, आणि एकही जास्तीची चमक उठली नाही. परिषदेत भार्गवीने तो निकाल मांडला. अध्यक्षांनी तिच्या प्रामाणिकपणाचा खास उल्लेख केला आणि सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेपर्यंत ती खाली बघत होती. मग तिने पुढची स्लाइड लावली.