ताईंनी दिलेली खुर्ची

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. मित्रांनो, माझ्यावर चटकन विश्वास ठेवू नका. मी ताईंचीच बाजू घेणार, कारण मला या घरात त्यांनी आणलं.

सुताराने माझा सांगाडा केला आणि एका विणकरीण बाईने भिजवलेला वेत ओढून ओढून माझी बैठक विणली. ताईंनी मला धाकट्या भावाला भेट दिली. तो भाषांतरं करायचा. दिवसभर वाकून लिहायचा आणि कण्हत उठायचा. मी आल्यावर त्याचं कण्हणं थांबलं. "तुझ्यामुळे माझी पाठ वाचली," असं म्हणत तो मला थोपटायचा, आणि मी फुलून जायची. त्याच सुमारास दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलं, तेही त्याने नाकारलं.

मग त्याने एका परदेशी तत्त्वज्ञ बाईंचं पुस्तक भाषांतराला घेतलं. त्यात लिहिलं होतं, की न मागता देणाऱ्याला बदल्यात तुम्ही हवे असता. हे वाक्य वाचताना त्याने माझ्यावरचे हात अलगद उचलले.

त्या दिवसापासून ताईंनी चहा आणला की तो आधी कपाकडे बघायचा, मग त्यांच्याकडे.

"तुला नेमकं काय हवंय, ताई?"

"कप परत हवाय. दुसरं काय?"

तो हसला नाही. एके दिवशी, "हिनेच मला इथे बसवून ठेवलं," असं पुटपुटत त्याने मला गच्चीत नेऊन टाकलं. उन्हाने माझा वेत कडकडीत झाला, तुटू लागला. ताई कपडे वाळत घालायला येत आणि माझ्याकडे न बघता जात. बहीणभावाचं बोलणं मीठ-पाण्यापुरतं उरलं.

पुस्तक मात्र गाजलं. तत्त्वज्ञ बाई भाषणासाठी आल्या आणि भाषांतरकाराच्या घरी जेवायला आल्या. खुर्ची कमी पडली म्हणून मला खाली आणलं, आणि बाई नेमक्या माझ्यावर बसल्या. ताईंच्या हातचं त्यांनी दोनदा मागून घेतलं. भावाला राहवलं नाही. त्याने बाईंच्या भाषेत काहीतरी विचारलं. बाई बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणाल्या?" ताईंनी विचारलं.

"जेवण आवडलं म्हणाल्या."

"एवढं लांबलचक? आणि तुझे कान का लाल झाले?"

त्याने मान खाली घातली. "म्हणाल्या, न मागता देणाऱ्याचं ते वाक्य मी राज्यकर्त्यांबद्दल लिहिलंय. बहिणीचा संशय आला तर पुस्तकाला कशाला विचारतोस, तिलाच विचार."

"मग विचार की."

"खुर्ची का दिलीस?"

"तुझ्या पाठीसाठी. आणि तू जाऊ नयेस म्हणूनही. मला इथे एकटीने राहायची भीती वाटत होती."

म्हणजे त्याचा संशय खरा होता! आता माझी रवानगी भंगारात, असं मी धरूनच चालले.

"मग तसं सांगायचं ना, ताई," तो म्हणाला. "खुर्ची नसती दिलीस, तरी राहिलो असतो."

मित्रांनो, हे ऐकून मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं.

त्याने माझी बैठक नव्याने विणून घेतली आहे. वेताला अधूनमधून ओला हात लावत जा, म्हणजे तो तुटत नाही. आणि कोणी दिलेल्या वस्तूबद्दल मनात शंका आली, तर ती वस्तू उन्हात टाकू नका. देणाऱ्याला विचारा. उत्तर ऐकायला मात्र बसून राहा.