लाल ठिपक्यांचा जर्मन रेडिओ

आमच्या घरात माणसांपेक्षा रेडिओचा मान मोठा. मी लग्न होऊन आले त्या दिवशी मला चटईवर बसवलं, कारण घरातल्या एकुलत्या एक चांगल्या खुर्चीवर रेडिओ बसला होता. वर क्रोशाचं झाकण घेऊन, माझ्यापेक्षा नटूनथटून.

माझे सासरे नोहामामा येईल त्याला एकच गोष्ट ऐकवायचे. "ह्यो जर्मन रेडिओ हाय. सत्तेचाळीस साली स्वातंत्र्याची बातमी आख्ख्या गावानं ह्याच्यावर ऐकली, माज्या बापाच्या ओसरीवर!" घोडेगावजवळचं आमचं गाव हे ऐकून ऐकून विटलं होतं. पाटलांच्या घरातल्या म्हाताऱ्या दगडाबाई तर रेडिओचं नाव काढलं की तोंड वाकडं करायच्या. त्यांचं आणि मामांचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य.

यंदा दगडाबाईंचे भाचे, सरपंच आप्पासाहेब पाटील यांनी ठरवलं, पंधरा ऑगस्टला रेडिओ शाळेत मांडायचा आणि झेंडा मामांच्या हातून फडकवायचा. मामांनी लगेच कोट धुवायला काढला. "जल्मात पयल्यांदा पुढच्या रांगेत बसनार हाय, दीना," ते मला म्हणाले. 

रेडिओशेजारी पाटी हवी होती : बनवणारा कोण आणि साल कोणतं. मी शाळेत शिकवते, तेव्हा पाटी अर्थातच माझ्या गळ्यात.

"कंपनी कोणती लिहू?" मी नवऱ्याला विचारलं.

"जर्मन," फिलिप म्हणाला.

"जर्मन ही कंपनी नाही, फिलिप."

नावाची पट्टी कधीच निखळली होती, तिची दोन भोकं तेवढी उरली होती. म्हणून मुजफ्फरला बोलावलं. त्याचं घोडेगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पण आजोबा रेडिओवाले, त्यामुळे रेडिओतलं ज्ञान रक्तातच आहे अशी त्याची समजूत. त्याने लांबूनच निकाल दिला, "भाभी, शंभर टक्के जर्मन. लाकूडच बोलतंय."

मागचा पुठ्ठा काढला. आत धूळ, झुरळं आणि फिलिपची लहानपणी हरवलेली शिट्टी. मामा धुतलेला कोट घालून समोर बसले होते, घरच्या माणसाचं ऑपरेशन चालू असल्यासारखे.

मुजफ्फरने काचेचा एक वॉल्व्ह उपसून उजेडात धरला. "याला नऊ टाचण्या हायत. सत्तेचाळीसच्या वॉल्व्हला खाली जाड काळं बूड असायचं. ह्यो नंतरचा."

"जर्मन लोक काळाच्या पुढंच असतात," फिलिप म्हणाला.

मुजफ्फर मात्र आत वाकून बघू लागला. आतल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका होता. त्याने नखाने एक खरवडून पाहिला.

"भाभी, ही नेलपॉलिश हाय. आमच्या दादीची." "दादा सुटे भाग आणून रेडिओ जुळवायचे. झाला की प्रत्येक स्क्रूवर तिची नेलपॉलिश लावायचे, दुसऱ्या कुनी खोलला तर कळावं म्हनून. दादी लई भांडायची. ह्यो माज्या दादांनी बनवलाय, खाजाभाईंनी!"

त्याने रेडिओला मिठी मारली. फिलिपचा चेहरा पडला. जर्मनी एका मिनिटात घोडेगावात आली होती.

मी वायर गुंडाळत होते, तर हातात प्लगची पिन आली. आणि मला राहवलं नाही.

"मामा, हा विजेवर चालतो. सत्तेचाळीस साली आपल्या गावात वीज होती?"

इतकी वर्षं सारं गाव ती गोष्ट ऐकत होतं, आणि तेव्हा गावात विजेचा खांबसुद्धा नव्हता, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही.

मामांनी कोटाची बटणं काढली. "बातमी ऐकली हुती मी. पाटलाच्या बॅटरीवरच्या रेडिओवर. आमाला आत घेत न्हवते, मंग खिडकीखाली बसून ऐकली. पुढं कमवायला लागलो तवा ह्यो घेतला, ओसरीवर मांडला. कुनालाबी आडवलं न्हाई."

"मग असंच सांगायचं ना!"

"खिडकीखाली बसलो हुतो, ह्ये काय सांगायचं, पोरी?"

कोट खुंटीवर गेला. माझा संताप संताप झाला, कुणावर ते कळेना. तशीच पाटलांच्या घरी गेले आणि आप्पासाहेबांना सगळं खरं सांगितलं. दगडाबाई बाजूला शेंगा निवडत होत्या.

आप्पासाहेब डोकं खाजवत म्हणाले, "पन ताई, त्यांनी खरंच ऐकली हे कशावरनं? लोक इचारतील."

"ऐकली न्हाई कशी?" दगडाबाई कडाडल्या. "खिडकीखाली माज्या आयचा भोपळ्याचा येल हुता. बातमी झाली न् ह्यो मेला उड्या मारत सुटला! पार चेंदामेंदा केला येलाचा. म्या आतनं बघितलं. आन् मार कुनाला बसला? मला!"

"मग नाव का नाही सांगितलंत त्यांचं?"

त्यांनी हातातली शेंग फोडली. "सांगितलं असतं तर त्याच्या बापाला गावात ऱ्हाऊ दिलं असतं व्हय?"

"झेंडा नोहामामाच फडकवनार," आप्पासाहेब म्हणाले, आणि मी घरी जाऊन मामांना भोपळ्याच्या वेलाचं सगळं सांगितलं.

पंधरा ऑगस्टला झेंडा मामांनीच फडकवला. पाटीवर मी लिहिलं, 'बनवणारे : खाजाभाई, घोडेगाव. साल : गावात वीज आल्यानंतरचं.' मुजफ्फर दिवसभर पाटीशेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता.

पुढच्या रांगेत दोनच खुर्च्या होत्या. मामा आपल्या खुर्चीवर बसले आणि पिशवीतून भोपळा काढून त्यांनी शेजारच्या दगडाबाईंच्या मांडीवर ठेवला.

दगडाबाईंनी पदराने डोळे पुसले, भोपळा हातात तोलून बघितला.

"आमचा मोठा हुता," त्या म्हणाल्या.